पहिली मुलाखत : तयारी कशाची करावी?

पदवीचे निकाल लागले की गोव्यातील अनेक घरांतले वातावरण बदलते. कालपर्यंत ‘अभ्यास कर’ म्हणणारी माणसे ‘कुठे अर्ज केलास का?’ असे विचारू लागतात. अर्ज केला जातो, पंधरा-वीस दिवस काहीच घडत नाही आणि मग अचानक फोन येतो : परवा सकाळी दहा वाजता मुलाखतीला या. आनंद होतो आणि पाठोपाठ पोटात गोळाही येतो. शाळा-महाविद्यालयाच्या पंधरा वर्षांत आपण शेकडो उत्तरपत्रिका लिहिलेल्या असतात. परंतु अनोळखी माणसांसमोर बसून स्वतःविषयी दहा मिनिटे बोलण्याची वेळ बहुतेकांवर एकदाही आलेली नसते.

माझी पहिली मुलाखत एका दैनिकात उपसंपादकाच्या जागेसाठी होती. मराठी विषय घेऊन मी बी.ए. झालो होतो. बा. भ. बोरकरांच्या कवितेवर अर्धा तास बोलता येईल एवढी तयारी करून गेलो. संपादकांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘आमचा आजचा अंक पाहिलात का? पहिल्या पानावर काय खटकले?’’ मी अंक पाहिलाच नव्हता. ज्या बसस्थानकावर उतरलो तिथे तो विकायला होता आणि चहाच्या कपाहून स्वस्त होता. बोरकरांविषयी मला कोणी काही विचारले नाही. ती नोकरी मिळाली नाही आणि त्यात कोणी माझ्यावर अन्याय केला असेही नाही. अभ्यास कमी पडला नव्हता. तयारीची दिशा चुकली होती. पुढे बातम्यांच्या टेबलावर रुळल्यानंतर अनेक नवे उमेदवार येताना-जाताना पाहिले आणि लक्षात आले की ही चूक माझ्या एकट्याची नव्हती.

समोरच्याला काय जाणून घ्यायचे असते?

परीक्षेला ठरलेला अभ्यासक्रम असतो, मुलाखतीला तो नसतो, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. प्रश्न कितीही वेगवेगळे असले तरी मुलाखत घेणाऱ्याला तीनच गोष्टींची खात्री करून घ्यायची असते. या व्यक्तीला काम जमेल का? जे जमत नाही ते ती शिकेल का? आणि शिकवल्यानंतर ती टिकेल का?

अनुभवी उमेदवाराच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाला महत्त्व असते. नवख्याच्या बाबतीत भर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर असतो. समोरच्याला ठाऊक असते की तुम्हाला काम येत नाही. म्हणूनच ‘मला सगळे येते’ हे उत्तर नवख्या उमेदवाराच्या तोंडी सर्वांत वाईट दिसते. त्याउलट ‘हे मी केलेले नाही, पण अशा प्रकारचे हे एक काम केले आहे आणि ते असे शिकलो’ हे उत्तर त्याच्या उपयोगाचे असते. पुढची सारी तयारी या तीन प्रश्नांभोवती करायची आहे.

आधी, मुलाखत आहे की नाही?

सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांसाठीची मुलाखत बंद केली आहे. तिथे लेखी परीक्षा आणि लागू असेल तिथे कौशल्य चाचणी यांवर निवड होते. गोव्यातही कनिष्ठ पदांच्या भरतीसाठी २०१९ च्या कायद्यानुसार कर्मचारी निवड आयोग स्थापन झाला असून संगणकाधारित परीक्षेला महत्त्व आले आहे. गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या पदांसाठी मात्र मुलाखत असते. त्या जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट मानलेले असते. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाही मागितला जातो. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो आणि त्याला वेळ लागतो; जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा निकालाच्या दिवसांतच अर्ज करून ठेवावा.

खासगी क्षेत्रात मात्र मुलाखतीवाचून गत्यंतर नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये येथील औद्योगिक वसाहती, किनारपट्टीवरील हॉटेले, बँका, लेखापालांची कार्यालये, रुग्णालये, दुकाने असा हा पसारा आहे. येथे हंगामाचेही भान हवे. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो. त्यामुळे हॉटेले भर पावसाळ्यातच माणसे शोधू लागतात. दिवाळीनंतर अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा उरलेल्या जागा येतात.

जाहिरात हीच प्रश्नपत्रिका

फोन आल्यावर पहिले काम म्हणजे ज्या जाहिरातीवरून अर्ज केला ती पुन्हा वाचणे. तिच्यातील प्रत्येक अट एका कागदावर डाव्या बाजूला लिहावी आणि उजव्या बाजूला आपल्याकडे त्यासाठी काय आहे ते लिहावे. ‘टॅलीचे ज्ञान’ असे लिहिले असेल तर आपण टॅलीत प्रत्यक्ष काय केले आहे? ‘शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी’ असे असेल तर रात्री अकराला सुटल्यावर घरी कसे जाणार? ज्या ओळीसमोर उजवी बाजू रिकामी राहते, त्या ओळीवर प्रश्न येणार असे समजावे.

दुसरे काम संस्थेची माहिती घेणे. त्यासाठी कंपनीचा इतिहास पाठ करण्याची गरज नाही. ती काय बनवते किंवा कोणती सेवा देते, तिचे ग्राहक कोण, गोव्यात तिचा कारखाना किंवा शाखा कुठे आहे आणि आपल्याला कोणत्या विभागासाठी बोलावले आहे, एवढे पुरे. संकेतस्थळ पाहावे. हॉटेल असेल तर पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचावेत; तिथे लोक कशाची तक्रार करतात हे कळले तर बोलायला खरा विषय मिळतो. दुकान असेल तर आदल्या दिवशी ग्राहक म्हणून एक फेरी मारावी. गावातले किंवा महाविद्यालयातले कोणी तिथे काम करीत असेल तर त्याच्याशी जरूर बोलावे. हा वशिला नव्हे, ही माहिती आहे.

‘स्वतःविषयी सांगा’

हा प्रश्न जवळजवळ ठरलेलाच असतो आणि बहुतेक उमेदवार येथेच घसरतात. उत्तर साधारण असे असते : ‘माझे नाव अमुक. मी सत्तरी तालुक्यातील अमुक गावचा. माझ्या घरी आई, वडील आणि एक बहीण आहे. मला क्रिकेट आणि वाचनाची आवड आहे.’ हा शाळेतला निबंध झाला. यातील नाव-गाव बायोडाटात आहेच आणि बाकीच्याचा कामाशी संबंध नाही.

या उत्तराचे तीन भाग करावेत. काय शिकलो, त्यातून हाताने काय केले आणि इथे का आलो. उदाहरणार्थ : ‘मी यंदा रसायनशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण केले. शेवटच्या वर्षी आम्ही गावातील विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासण्याचा प्रकल्प केला. त्यात नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. तेव्हापासून तपासणीच्या कामाची गोडी लागली, म्हणून गुणनियंत्रण विभागासाठी अर्ज केला.’ हे सारे मिनिटभरात सांगून होते आणि पुढचा प्रश्न कुठून येईल याची दिशाही तुम्हीच ठरवता. विहिरींच्या पाण्यावर विचारले तर सांगण्यासारखे तुमच्याकडे भरपूर असते. मात्र हे उत्तर शब्दशः पाठ करू नये. पाठांतर लगेच ओळखू येते आणि एक शब्द विसरला की पुढचे सारे विसरते. मुद्दे लक्षात ठेवावेत, वाक्ये त्या वेळी जुळू द्यावीत.

अनुभव नाही म्हणजे नेमके काय नाही?

‘तुम्हाला अनुभव नाही,’ हे वाक्य ऐकल्यावर नवखा उमेदवार मान खाली घालतो. खरे तर पगारी नोकरीचा अनुभव नसतो, कामाचा असतो. फक्त आपण त्याला काम म्हणत नाही.

आपल्या गावांत जत्रेला मराठी नाटक होते. त्याच्या तालमी, पात्रांची जमवाजमव, नेपथ्य, वर्गणी हे सारे कोणीतरी सांभाळतो. ज्याने तीन महिने पंधरा माणसांना तालमीला वेळेवर आणले, त्याने माणसे सांभाळण्याचे काम केलेले असते. ज्या मुलीने सार्वजनिक चतुर्थीचा हिशेब लिहून सभेत सादर केला, तिने लेखापालाचे आणि उत्तरदायित्वाचे काम केलेले असते. वडिलांच्या दुकानात सुट्टीत बसलेला मुलगा उधारी वसूल करताना ग्राहक टिकवायचा कसा हे शिकलेला असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, महाविद्यालयाचे वार्षिक अंक, धाकट्यांच्या शिकवण्या यांतही असेच काही सापडते.

असा प्रसंग सांगताना चार पायऱ्या ठेवाव्यात : परिस्थिती काय होती, आपल्यावर काय सोपवले होते, आपण काय केले आणि शेवटी काय झाले. तिसऱ्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘आम्ही सर्वांनी मिळून केले’ हे विनयाचे वाक्य असले तरी मुलाखतीत त्यातून काहीच कळत नाही. आपला वाटा किती, हे प्रामाणिकपणे सांगावे. मुलाखतीआधी असे तीन प्रसंग लिहून काढावेत. ‘अडचण आली तेव्हा काय केले?’, ‘कोणाशी मतभेद झाले का?’, ‘कुठे चुकलात?’ अशा निरनिराळ्या प्रश्नांना हेच तीन प्रसंग उपयोगी पडतात.

विषयाचे मूलभूत ज्ञान

नवख्याला अवघड प्रश्न विचारले जातील या भीतीने अनेक जण नको ते वाचत बसतात. प्रत्यक्षात प्रश्न मुळाशी असलेले आणि साधे असतात, म्हणूनच ते चकवतात.

औषधनिर्मिती कंपनीत बी.एस्सी. झालेल्यांना मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांतील फरक, बफर द्रावण म्हणजे काय, टायट्रेशन कसे करतात, एचपीएलसी कोणत्या तत्त्वावर चालते, गुणनियंत्रण आणि गुणवत्ता हमी हे दोन विभाग वेगळे का, असे विचारले जाते. नोंदवहीत आकडा चुकला तर काय कराल, हाही नेहमीचा प्रश्न. खाडाखोड करून किंवा पांढरी शाई लावून दुरुस्ती करणे या उद्योगात दोष समजला जातो. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे मूळ आकडा वाचता येतो. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही व तारीख घालायची. हे ज्याला ठाऊक आहे त्याला शिस्त समजली आहे, असे गृहीत धरले जाते.

वाणिज्य शाखेच्या उमेदवाराला बँक जुळवणी पत्रक का करतात, घसाऱ्याची नोंद कशी होते, टीडीएस म्हणजे काय, हे विचारतात. फोंड्याच्या व्यापाऱ्याने मडगावच्या दुकानदाराला माल विकला आणि बेळगावच्या दुकानदाराला विकला, तर जीएसटीत फरक काय? राज्यातल्या विक्रीवर केंद्राचा आणि राज्याचा असा दुहेरी कर लागतो, राज्याबाहेरच्या विक्रीवर एकात्मिक कर. उत्तर दोन वाक्यांचे आहे. पण पुस्तकातली व्याख्या पाठ असूनही अनेक जण उदाहरणावर अडखळतात.

आयटीआयच्या फिटरला व्हर्नियर कॅलिपर हातात देऊन माप घ्यायला सांगतात. नेहमीच्या व्हर्नियरने ०.०२ मिलिमीटरपर्यंत आणि मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेता येते, हे तोंडावर हवे आणि हातातही हवे. वीजतंत्र्याला अर्थिंगचे प्रयोजन, तसेच एमसीबी आणि ईएलसीबी यांतील फरक विचारतात. हॉटेलमध्ये प्रसंग उभा करतात : पाहुणे सकाळी आठलाच पोहोचले आहेत, खोली दुपारी दोनशिवाय मिळणार नाही आणि ते चिडले आहेत, काय कराल? येथे नियम सांगून चालत नाही. आधी ऐकून घेणे, दिलगिरी व्यक्त करणे, सामान ठेवून घेणे, चहा-न्याहारीची आणि हातपाय धुण्याची सोय करणे, खोली लवकर मिळते का हे पाहून ठरावीक वेळेत पुन्हा येऊन सांगणे, हा क्रम अपेक्षित असतो.

एखादे उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ असे सरळ म्हणावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर पुढच्याच प्रश्नात उघडे पडते.

भाषेचा प्रश्न

आपल्या राज्यातील अनेक मुले प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. घरी कोकणी, वाचन मराठी, उत्तरपत्रिका इंग्रजी आणि बाजारात हिंदी, अशा चार भाषांत वाढलेल्या मुलाला मुलाखतीत मात्र ‘मला भाषा येत नाही’ असे वाटते. वस्तुतः त्याला इंग्रजी समजते, लिहिताही येते. बोलण्याची सवय नसते.

यावर उपाय एकच, मोठ्याने बोलणे. आठवडाभर रोज वीस मिनिटे आपली तीन-चार उत्तरे इंग्रजीत मोठ्याने सांगावीत, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावीत. वाक्ये छोटी ठेवावीत. एखाद्या शब्दापाशी अडल्यास थांबून सोप्या शब्दात सांगावे. थांबणे हा दोष नाही. फारच अडले तर ‘हे मी हिंदीत किंवा कोकणीत सांगू का?’ असे विनयाने विचारावे. कारखान्यात किंवा हिशेबाच्या कामात याला क्वचितच हरकत असते. हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी मात्र बोलीभाषेतील सफाई हाच कामाचा भाग असल्याने तिथे सराव अधिक हवा. चार भाषा येतात ही गोष्ट बायोडाटात तळाशी न टाकता ठळकपणे लिहावी. आपल्यासारख्या राज्यात ते खरोखरीचे कौशल्य आहे.

‘सरकारी नोकरीसाठी अर्ज केलाय का?’

हा प्रश्न गोव्यात हमखास येतो. स्थानिक मुले सरकारी नोकरी लागली की किंवा परदेशी जाण्याची संधी आली की निघून जातात, ही अनेक मालकांची तक्रार आहे. तिसरा प्रश्न, टिकेल का, तो हाच. येथे खोटे बोलू नये. घरोघरी अर्ज केलेले असतात हे समोरच्यालाही ठाऊक असते. ‘हो, अर्ज केला आहे, पण त्याच्या भरवशावर बसलेलो नाही. हे काम शिकायचे आहे आणि निदान दोन-तीन वर्षे मन लावून करायचे आहे,’ हे उत्तर खरे असेल तर पुरेसे आहे. खरे नसेल तर देऊ नये. दोन महिन्यांत सोडून जाणारा प्रत्येक जण आपल्या मागून येणाऱ्या गावच्या मुलांची वाट थोडी अवघड करून जातो.

मुलींना याच शंकेपोटी लग्नाविषयी विचारले जाते. हा प्रश्न योग्य नाही, परंतु येतो. चिडून किंवा ओशाळून उत्तर देण्याऐवजी ‘माझे काम आणि वेळा सांभाळण्याची माझी पूर्ण तयारी आहे,’ असे म्हणून विषय कामाकडे वळवावा. शिफ्टची नोकरी असेल तर ‘रात्री परत जाण्यासाठी कंपनीची गाडी आहे का आणि ती कुठपर्यंत सोडते?’ हे मुलामुलींनी नि:संकोच विचारावे. सांगे, काणकोण किंवा पेडण्याच्या आतल्या गावांकडे जाणारी शेवटची बस लवकर सुटते. ज्या नोकरीला रोज पोहोचताच येणार नाही, ती टिकणार कशी?

पगाराचा हिशेब

‘किती अपेक्षा आहे?’ या प्रश्नाला ‘तुम्ही द्याल ते’ असे उत्तर देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याऐवजी त्या क्षेत्रात नवख्याला काय मिळते हे चार जणांना विचारून ठेवावे आणि एक पल्ला सांगावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोरून सांगितलेला आकडा कोणता, हे समजून घ्यावे. कंपन्या बहुधा सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा एकूण वार्षिक खर्च सांगतात. तो आकडा आणि हातात पडणारा पगार यांत अंतर असते.

एक उदाहरण घेऊ. एकूण मासिक वेतन १८,००० रुपये आणि त्यात मूळ वेतन १०,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे १,२०० रुपये तुमच्या पगारातून कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. तिच्यात तुमचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये जातात. मालकाचा खर्च झाला १९,७८५ रुपये, म्हणजे वर्षाला २,३७,४२० रुपये. तुमच्या हातात येतात १६,६६५ रुपये. ‘वर्षाला जवळजवळ २ लाख ४० हजार’ ऐकून महिन्याला वीस हजारांचा हिशेब मांडणाऱ्याची पहिल्याच महिन्यात निराशा होते. भविष्य निर्वाह निधी हे नुकसान नव्हे, ती तुमचीच बचत आहे. परंतु खोलीचे भाडे आणि बसचा पास हातातल्या रकमेतूनच भरायचा असतो.

आणखी एक प्रश्न विचारायला विसरू नये : ‘नियुक्तीपत्र कोणाच्या नावाने मिळेल?’ कंपनीच्या आवारात काम करणारे सर्वच कंपनीचे कर्मचारी नसतात. अनेकांची नेमणूक कंत्राटदाराकडून होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतले असेल तर मिळते ते विद्यावेतन, पगार नव्हे आणि प्रशिक्षणानंतर नोकरी मिळेलच असे नाही. यांतील कोणताही मार्ग वाईट नाही. पण आपण कोणत्या मार्गाने आत जात आहोत हे पहिल्या दिवशीच ठाऊक असावे.

कागदपत्रे आणि त्या दिवसाची सकाळ

मूळ प्रमाणपत्रे, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स प्रती, आधार, पॅन, छायाचित्रे आणि बायोडाटाच्या तीन प्रती एका फाईलमध्ये क्रमाने लावाव्यात. नावाच्या स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे एकाच घरात देसाई हे आडनाव कोणी एका ‘एस’ने तर कोणी दोन ‘एस’ने लिहितात, जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि आधार यांत तफावत असेल तर ती स्वतःहून सांगावी आणि दुरुस्तीला लागावे. मूळ प्रमाणपत्रे दाखवायची असतात, कोणाच्याही ताब्यात ठेवायची नसतात. ‘कामावर असेपर्यंत आमच्याकडे राहतील’ असे कोणी म्हणाल्यास सावध व्हावे. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार पुढे केल्यास तो घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागावा.

पोशाख स्वच्छ, इस्त्रीचा आणि अंगाला सवयीचा असावा. उसने बूट चावतात आणि लक्ष तिकडेच राहते. वाळपई किंवा काणकोणहून वेर्ण्याला जायचे तर बस बदलावी लागते. दहाच्या मुलाखतीसाठी साडेनऊला फाटकापाशी पोहोचता येईल अशी बस धरावी. शक्य असल्यास एक दिवस आधी वाट पाहून यावी. औद्योगिक वसाहतीत मुख्य रस्त्यावर उतरल्यानंतर आतला कारखाना दोन किलोमीटर दूर असू शकतो आणि जुलैच्या पावसात ते अंतर फार मोठे होते.

पैसे मागितले की उठावे

आता सर्वांत महत्त्वाचे. २०२४ च्या अखेरच्या महिन्यांत सरकारी नोकरी मिळवून देतो असे सांगून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे राज्यात एकामागोमाग उघडकीस आली, अटकाही झाल्या. पैसे देणाऱ्यांत दागिने मोडणारे होते, कर्ज काढणारेही होते. नोकरी विकत मिळते, या समजुतीवरच हा व्यवहार उभा राहतो.

खासगी क्षेत्रात रक्कम लहान असते, म्हणून संशय येत नाही. नोंदणी शुल्क, गणवेशाची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च, लॅपटॉपचा विमा अशी नावे देऊन हजार-दोन हजार मागितले जातात. केवळ मोबाईलवरील संदेशांतून ‘निवड झाली’ असे कळणे, कंपनीच्या अधिकृत पत्त्याऐवजी कोणत्याही फुकट ईमेलवरून पत्र येणे, मुलाखतीआधीच बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागणे, ही फसवणुकीची लक्षणे आहेत. खरा मालक नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

जहाजावर जाण्याची परंपरा गोव्यात जुनी आहे. तिथे भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. परवाना क्रमांक विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे परत जाऊ नये.

मुलाखत संपल्यावर

बाहेर पडल्यावर बसची वाट पाहताना विचारलेले सर्व प्रश्न वहीत लिहून काढावेत आणि कुठे अडलो ते नोंदवावे. हे काम रात्रीवर टाकले तर निम्मे प्रश्न आठवत नाहीत. ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे विचारणा करावी. नकार आला तरी वही फेकू नये. पाच मुलाखतींनंतर त्याच क्षेत्रातील प्रश्न पुन्हा पुन्हा येतात हे तिच्यातूनच दिसते. घरच्यांनीही एवढे करावे : मूल घरात पाऊल टाकताच ‘झाले का काम?’ असे विचारण्याऐवजी ‘काय विचारले?’ असे विचारावे.

आणि हो, वशिल्याविषयी. तो कुठेच चालत नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु आपल्या हातात नसलेल्या गोष्टीच्या नावाने हातातली गोष्ट सोडून देणे हे त्याहून मोठे नुकसान आहे. दुसऱ्या मुलाखतीला जाताना मी बसस्थानकावर त्या दैनिकाचा अंक विकत घेतला आणि वाटेत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. आतल्या पानावरील एका बातमीत गावाचे नाव चुकले होते. बोलण्याच्या ओघात मी ते सांगितले. समोरच्या गृहस्थांनी अंक ओढून पाहिला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले आणि मला एका बातमीचे भाषांतर करायला बसवले. त्या टेबलावरून मी घरी गेलो तो पुढच्या सोमवारी कामावर रुजू होण्यासाठीच.